यंत्र गंजले तरी चालेल, वही हरवता कामा नये



दरवर्षी कापसाची शेवटची वेचणी उरकत आली की आपल्या गावाच्या फाट्यावर चार-पाच पोट्टे मोटारसायकलवरून उतरतात. पाठीवर पिशवी, हातात छापील प्रश्नावली. अभियांत्रिकीच्या किंवा कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असतात. त्यांना 'प्रकल्प' करायचा असतो, म्हणजे शेतकऱ्याची एखादी अडचण शोधून तिच्यावर एक यंत्र बनवायचे असते. "काका, शेतीत तुम्हाला काय त्रास आहे?" असे ते विचारतात. आपण चहा पाजतो आणि त्रास सांगतो. त्रासाला काही तोटा नाही. एप्रिल-मे महिन्यात त्यांचे यंत्र तयार होते. बाहेरून परीक्षक येतात, यंत्र एकदा फिरवून पाहतात, गुण देतात. पोट्टे पास होऊन पुण्या-नागपूरला नोकरीला लागतात. यंत्र महाविद्यालयाच्या कार्यशाळेमागे बाभळीखाली गंजत पडते. पुढच्या वर्षी दुसरे चार पोट्टे येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "काका, शेतीत तुम्हाला काय त्रास आहे?"

पोट्ट्यांना नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांतले निम्मे आपल्याच घरचे आहेत. कापूस विकून भरलेल्या फीवर शिकतात. या जिल्हा बैठकीपुढे आम्हाला एकच प्रश्न ठेवायचा आहे. प्रकल्प संपल्यावर आपल्या गावात मागे काय उरते?

पऱ्हाटीच्या चिमट्याची गोष्ट

एक डोळ्यांदेखतची गोष्ट सांगतो. २०२३ च्या जानेवारीत दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात असेच चार विद्यार्थी आले. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण कोणत्याही महाविद्यालयाचे घेतले तरी गोष्ट बदलणार नाही. गावकऱ्यांनी सांगितले, पऱ्हाटी उपटायचे काही तरी करा. पऱ्हाटी वेळेत निघाली नाही तर काय होते ते २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाला शिकवले. फरदड ठेवली, पऱ्हाटी शेतात उभी राहिली, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. ट्रॅक्टरचे यंत्र आहे, पण चार एकरांच्या कोरडवाहू धन्याला ते दर वेळी भाड्याने परवडत नाही. हाताने उपटायची तर हाताला फोड येतात आणि कंबर मोडते. विळ्या-कुऱ्हाडीने तोडली तर धसकट जमिनीत राहते. वखराची पास त्यात अडकते आणि बैलाच्या खुरात ते घुसते.

पोरांनी तरफेचा चिमटा केला. चिमटे आपल्याकडे नवे नाहीत, गावोगावचे लोहार बनवतात. पोरांना तो हलका आणि बायांच्या हाताला सोसणारा करायचा होता. पहिला नमुना ओल्या खोडावरून घसरला. दुसऱ्याला त्यांनी दाते पाडले, तर दात्यांनी साल कापली आणि खोड जमिनीलगत मोडले. म्हणजे पुन्हा धसकटच. वजनही इतके की दोन ओळी संपेपर्यंत खांदे भरून आले. तिथे मजुरीला आलेल्या एका मावशीने चिमटा हातात घेतला, चार झाडे उपटली आणि म्हणाली, "बाप्पा, हे तं जमिनीत रुतून राह्यलं. याच्या बुडाले रुंद फळी लावा ना. अन् दांडा लांब करा, मले वाकायचं काम नाही पडलं पाहिजे." पोरांनी बुडाला रुंद पट्टी लावली आणि दांडा वाढवला. दात्यांसाठी साधी लोखंडी पट्टी टाकून जुन्या गाडीच्या पाट्याचे पोलाद वापरले आणि गावच्या लोहाराकडून त्याला पाणी देऊन घेतले. तिसरा नमुना चालला. मावशीने तो अर्धा दिवस चालवला आणि परत द्यायला तयार होईना.

मे महिन्यात प्रकल्प संपला. चिमटा महाविद्यालयात गेला, अहवाल इंग्रजीत टंकून, बांधून ग्रंथालयात गेला. पावसाळ्यानंतर गावातल्या वेल्डरने ठरवले की आपण दहा चिमटे बनवून विकू. त्याच्याजवळ काय होते? मोबाईलमधला एक फोटो. फोटो पाहून त्याने चिमटा केला आणि तो घसरला. दोघा-तिघांनी वापरून फेकून दिला. गावात बोलणे झाले, "पोट्ट्यायचं यंत्र फेल." यंत्र फेल नव्हते. यंत्राची माहिती गावात नव्हती.

पुढची गोष्ट त्याहून वाईट. २०२४ साली त्याच महाविद्यालयातले दुसरे विद्यार्थी दुसऱ्या गावात गेले, त्यांनीही पऱ्हाटीचा चिमटाच घेतला, आणि त्यांचाही पहिला नमुना ओल्या खोडावरून घसरला. आदल्या वर्षीच्या अहवालात पाहावे, तर तिसऱ्या नमुन्याचा फोटो होता, आभार होते, पहिल्या प्रकरणात भारतीय शेतीचे महत्त्व होते. पहिले दोन नमुने का फसले याबद्दल एक ओळ नव्हती. मावशीच्या फळीबद्दलही नव्हती.

दोन इंचांची किंमत

कोणी म्हणेल, चिमट्यात असे काय मोठे शास्त्र आहे? हिशेब करू. दांडा टेकूपासून ४८ इंच आणि जबडा टेकूपासून ४ इंच असेल तर जोर १२ पट होतो. बाईने दांड्यावर १२ किलोचा भार दिला तर खोडावर १४४ किलोचा ओढा बसतो. आता वेल्डरने फोटो पाहून अंदाजाने जबडा ४ ऐवजी ६ इंचांवर जोडला असे धरा. जोर ८ पट झाला. तोच १२ किलोचा भार आता फक्त ९६ किलोचा ओढा देतो. दोन इंचांच्या चुकीत एक तृतीयांश जोर गेला. झाड हलत नाही, बाई दांड्यावर लोंबकळते आणि यंत्राच्या नावाने बोटे मोडते.

दुसरा हिशेब. एकरात ४३,५६० चौरस फूट. लागवड ३ बाय २ फुटांवर असेल तर एकरी ७,२६० झाडे. एका झाडाला ४ सेकंद लागले तर एकराला ८ तास, म्हणजे एका माणसाचा एक दिवस. ६ सेकंद लागले तर १२ तास, म्हणजे दीड दिवस. दर झाडामागे दोन सेकंद वाचले तर एकरी अर्धी मजुरी वाचते. हे दोन सेकंद जबड्याच्या कोनात, दात्याच्या आकारात आणि दांड्याच्या उंचीत असतात, आणि फोटोत यांतले काही मोजता येत नाही.

शिवाय जमीन. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली भारी काळी जमीन वाळली की खोडाला मुठीत धरल्यासारखी धरते. बार्शीटाकळी-पातूरकडच्या हलक्या बरड रानात तेच झाड सहज निघते. दर्यापूरला चाललेला चिमटा पातूरला चालेलच, पण पातूरला चाललेला दर्यापूरला चालेल याची काही हमी नाही. म्हणून 'यंत्राची यशस्वी चाचणी घेण्यात आली' या वाक्याला काडीचा अर्थ नाही. कोणत्या जमिनीत? शेवटच्या पावसाला किती दिवस झाले होते? खोड किती जाड? चालवणारे कोण? ही माहिती नसेल तर आपल्या दृष्टीने चाचणी झालीच नाही.

आमचेही हात बरबटलेले आहेत

दुसऱ्याला बोलण्याआधी आपले सांगावे. आम्ही कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा ग्रामीण कार्यानुभवासाठी आम्हालाही गावात पाठवले होते. शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे तक्ते भरायचे होते. पहिले दहा तक्ते आम्ही शेतात बसून भरले, उरलेले पानठेल्यावर बसून. अहवाल आदल्या वर्षीच्या अहवालावरून उतरवला, गावाचे नाव तेवढे बदलले. गुण चांगले मिळाले. त्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला तिफणीच्या चाड्यात आणि नळ्यांत स्वतः केलेली एक सुधारणा दाखवली होती. ज्वारीचे बी सारखे पडावे म्हणून त्याने ती केली होती. आम्ही ती पाहिली, "वा" म्हटले आणि पुढे गेलो. कागदावर उतरवली नाही. आज ती काय होती ते आम्हाला नीट आठवत नाही, आणि सांगायला तो म्हाताराही राहिला नाही.

नंतर संघटनेच्या कामात आलो तेव्हाही सुधारलो नाही. मेळावे घेतले, भाषणे ठोकली, ठराव केले. आपल्या गावात कोणी कोणते अवजार कसे बदलले याची एक वहीसुद्धा ठेवली नाही. तेव्हा महाविद्यालयाकडे बोट दाखवताना तीन बोटे आमच्याकडेच वळतात हे आम्हाला ठाऊक आहे.

एक हंगाम पुरत नाही

या सगळ्याच्या मुळाशी दिनदर्शिका आहे. महाविद्यालयाचे वर्ष पावसाळ्यात सुरू होते आणि उन्हाळ्यात संपते. पऱ्हाटी उपटायला मिळते ती हिवाळ्याच्या शेवटी, जेमतेम दोन महिने. पेरणीचे यंत्र केले तर त्याहून वाईट, कारण पेरणी मृगात असते आणि तेव्हा जुनी तुकडी बाहेर पडलेली असते व नवी आलेली नसते. म्हणजे कोणत्याही तुकडीच्या वाट्याला एकच हंगाम, कधी तोही नाही.

एका हंगामात अवजार तयार होत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमिनीला विष भिनते अशी तेव्हा लोकांची समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. ते टिकून राहिले, कारण नांगर करणारा तोच, विकणारा तोच आणि तक्रार ऐकणाराही तोच माणूस होता. पहिल्या वर्षीचे ऐकलेले दुसऱ्या वर्षी त्याच्या डोक्यात होते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात दुसऱ्या वर्षी डोकेच दुसरे असते. पहिल्या डोक्यातले दुसऱ्या डोक्यात जायला कागदाशिवाय रस्ता नाही. म्हणून आम्ही म्हणतो, विद्यार्थ्याचे यंत्र गंजले तरी चालेल, वही हरवता कामा नये. वही राहिली तर यंत्र पुन्हा करता येते, आणि दुसऱ्या वेळी आधीपेक्षा बरे करता येते.

बाहेरची दोन उदाहरणे, घरचे एक

हे आपल्याकडेच घडते असे नाही. एमी स्मिथ नावाच्या अमेरिकेतल्या बाई तरुणपणी आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात स्वयंसेवक म्हणून गेल्या होत्या. तिथे ज्वारी-बाजरीसारखे धान्य कांडण्या-दळण्यात बायांचे तासन्‌तास जात. हातोड्यांची गिरणी होती, पण तिच्यातली चाळणी फाटे. ती गावात बनत नसे आणि बाहेरून आणायला महाग पडे. एक चाळणी फाटली की गिरणी बंद. बाई एमआयटी या विद्यापीठात परत शिकायला आल्या आणि चाळणीच काढून टाकलेली गिरणी त्यांनी बनवली. पीठ वाऱ्याच्या झोताने वेगळे होते. गावच्या लोहाराला ती बनवता यावी असा त्यांचा प्रयत्न होता. या कामासाठी त्यांना २००० साली विद्यार्थी संशोधकांचा एक मोठा पुरस्कार मिळाला. आम्हाला पुरस्कारापेक्षा पुढचे महत्त्वाचे वाटते. २००२ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठात असे काम शिकवण्याचा वर्गच सुरू केला. एका विद्यार्थिनीचे काम तिच्याबरोबर संपले नाही, मागून येणाऱ्यांच्या हाती गेले.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले आणि ते कडू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. जेमतेम शिकलेल्या या अल्पभूधारकाने १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या पाहिल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि 'एचएमटी' हे धान दिले. पुढे त्यांच्याकडचे बी संशोधनासाठी नेले गेले आणि १९९८ साली विद्यापीठाच्या नावाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण आले. विद्यापीठाचे म्हणणे होते की आम्ही शास्त्रीय पद्धतीने शुद्धीकरण केले. दादाजींचे म्हणणे होते की मूळ निवड माझी. त्यांना २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, पण हलाखी काही सुटली नाही. २०१८ साली ते गेले. त्या वादाचा निवाडा आम्ही इथे करत नाही. आम्ही एवढेच विचारतो की शेतातल्या माणसाने पाहिलेले, निवडलेले, सुचवलेले तारीख-वार कागदावर आणि त्याच्या नावानिशी चढले असते, तर वादाला किती जागा उरली असती?

तिसरे उदाहरण घरचे आणि गोड. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल तुम्ही पाहिली आहे. कापसातल्या तुरीची घरच्या घरी डाळ करणारे ते छोटे यंत्र. ते विद्यापीठाच्या आवारात अडकून पडले नाही. कारखानदारांना त्याची माहिती मिळाली, त्यांनी ते बनवले, बचत गटांनी आणि गावातल्या तरुणांनी ते चालवले. यंत्राचा माप-आराखडा दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून यंत्र गावात आले. विद्यापीठाच्या यंत्राला जे मिळते, ते विद्यार्थ्याच्या चिमट्याला का मिळू नये?

वहीत काय असावे

आम्ही फार मागत नाही. वीस पानांची वही, मराठीत, हाताने लिहिलेली असली तरी चालेल. तिच्यात एवढे असावे:

१. अडचण कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या कामाची. मालकाची अडचण आणि मजूर बाईची अडचण वेगळी असते. दोन्ही लिहा.

२. आज ते काम लोक कशाने करतात, किती वेळ लागतो, किती खर्च येतो. जुने अवजार असेल तर त्याचे माप घ्या. लोहाराला विचारल्याशिवाय नवे काही सुरू करू नका.

३. प्रत्येक नमुन्याचे चित्र, इंच-सुतात मापे आणि कोन. लोखंड कोणते, पट्टी किती जाडीची, वेल्डिंग कुठे, पाणी कुठे दिले. मापे अशी की तालुक्याचा वेल्डर एकही प्रश्न न विचारता वस्तू बनवील.

४. फसलेले नमुने. का फसले, कुठे मोडले, मोडलेल्या जागेचे चित्र. हे पान कोरे असेल तर समजा की वही खोटी आहे. पहिल्याच फटक्यात चाललेले अवजार आम्ही आजवर पाहिलेले नाही.

५. चाचणीचा तक्ता. तारीख, जमीन, ओल, वाण, खोडाची जाडी, तासाला किती झाडे निघाली, किती मोडली, चालवणारा बाई की गडी, किती वेळाने दमला. ओढा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. कापूस तोलायचा लटकता स्प्रिंगकाटा खोडाला बांधून ओढला तरी आकडा मिळतो.

६. खर्च. माल किती, मजुरी किती, बाजारात विकायचे तर किती.

७. कोणी काय सुचवले. त्या मावशीने फळी सुचवली तर तिचे नाव तिच्या संमतीने त्या पानावर. लोहाराने पाणी दिले तर लोहाराचे.

८. शेवटी, राहिलेले काम. पुढच्या तुकडीने कुठून सुरू करावे, याच्या चार ओळी.

लोक काय म्हणतील

पहिला आक्षेप महाविद्यालयातून येईल. आमचे काम शिकवणे, यंत्र पुरवणे नाही. मान्य आहे. आम्ही यंत्र मागतच नाही. पण फसलेला नमुना का फसला हे नीट लिहिणे हे शिक्षणच नाही काय? जो विद्यार्थी हे लिहायला शिकला तो उद्या कोणत्याही कारखान्यात चार पैसे जास्त मिळवील. शिवाय २०१४ पासून केंद्राच्या 'उन्नत भारत अभियाना'त भाग घेणाऱ्या संस्थांनी पाच-पाच गावे दत्तक घ्यायची आहेत. दत्तक घेतलेल्या लेकराच्या घरी निदान वही तरी ठेवावी.

दुसरा आक्षेप आपल्यातला शहाणा घेईल. सगळी मापे उघड केली तर एखादी कंपनी ती उचलून पेटंट घेईल आणि आपल्यालाच विकेल. हे उलटे आहे. पेटंट मिळायचे तर वस्तू नवी असावी लागते. तारीख घालून उघडपणे छापलेली, लोकांत वाटलेली गोष्ट नवी राहत नाही, आणि तिच्यावर दुसऱ्याने केलेल्या दाव्याला तो छापील कागद अडवतो. जे लपवून ठेवले आणि कुठेच लिहिले नाही, त्याला मात्र आधार नाही. हो, एखाद्या गावकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला स्वतःच पेटंट घ्यायचे असेल तर छापण्याआधी अर्ज करावा लागतो. ते आधी विचारून ठरवावे, आणि सुचवणाऱ्या शेतकऱ्याचे नाव वगळून कोणी अर्ज करू नये. पण ठरवायलाही हातात वही हवी.

तिसरा आक्षेप: हे सगळे कशाला, अनुदानातून यंत्र मिळते ना? अनुदानाच्या यादीत चढण्यासाठी मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो, आणि तो घ्यायला कारखानदार लागतो. कारखानदार बाजार पाहतो. मोठे ट्रॅक्टरचे यंत्र विकण्यात त्याला पैसा आहे. चार एकरांच्या कोरडवाहू बाईच्या चिमट्यात त्याला काय मिळणार? आपली छोटी अवजारे त्या यादीची वाट पाहत बसली तर आपल्या नातवांच्या लग्नापर्यंत येणार नाहीत. ती आपल्या लोहाराच्या भात्यावरच होतील.

बैठकीपुढे ठेवायचे

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

एक. यापुढे कोणत्याही महाविद्यालयाचे विद्यार्थी गावात प्रकल्पासाठी आले तर त्यांना भाकरी द्या, शेत द्या, बैल द्या, वेळ द्या. बदल्यात एकच अट घाला: परीक्षा झाल्यावर मराठी वहीची एक प्रत गावात आणि एक तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे द्यायची. अट पहिल्याच दिवशी, चहाच्या आधी सांगायची. प्राध्यापकांशी भांडण करायचे नाही. त्यांच्यातही आपली माणसे आहेत, आणि अशी अट घातली तर तेच आपले आभार मानतील.

दोन. प्रत्येक तालुक्यात एका कार्यकर्त्याने वह्यांची पेटी ठेवायची. नवे विद्यार्थी आले की आधी पेटी उघडून दाखवायची. "तुमच्या आधी तिघांनी हे केले आहे, इथवर आले आहे, इथून पुढे चला." पेटीतल्या तीन चांगल्या वह्या अकोल्याच्या विद्यापीठाच्या शिवार फेरीला घेऊन जायच्या आणि शास्त्रज्ञांपुढे उघडायच्या. आपण तिथे दरवर्षी पाहायला जातो. एकदा दाखवायला जाऊ.

तीन. ही अट आधी आपण स्वतःला लावायची. ज्याने डवऱ्यात, वखरात, तिफणीत, फवारणीच्या पंपात काही बदल केला असेल त्याने तो या हंगामात कागदावर उतरवावा. लिहिता येत नसेल तर घरच्या शाळकरी पोरीला सांगा, ती लिहील. मापे घ्या, तारीख घाला, सही करा. आमच्या त्या म्हाताऱ्याच्या तिफणीसारखे पुन्हा होऊ नये.

दर्यापूरच्या त्या वेल्डरला आम्ही मागच्या हिवाळ्यात भेटलो. त्या चौघांतल्या एका विद्यार्थ्याचा पत्ता शोधून काढला, त्याच्याकडून मापे मागवली आणि चार पाने वेल्डरच्या दुकानात बसून मराठीत उतरवली. टेकूपासून जबडा ४ इंच, हे त्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवले आहे. त्याने पहिले दोन चिमटे केले. एक त्या मावशीकडे आहे. दुसऱ्याची जबड्याची खीळ महिनाभरात झिजली.

ते आम्ही वहीत लिहिले आहे.